मापाचा ब्लाऊज

माझी स्वतःची पाठ मी पहिल्यांदा पाहिली ती अमेरिकेत, प्लेनोला आल्यावर. तोवर पंधरा वर्षं ती माझ्याबरोबर हिंडत होती, पण नागपूरच्या आमच्या घरात आरसा एकच, कपाटाच्या दाराला लावलेला, आणि त्यात माणूस समोरूनच दिसायचा. भांग सरळ आहे ना, कानामागे पावडर राहिली नाही ना, एवढं पाहायचं आणि पळायचं. प्लेनोत शाळा सुरू व्हायच्या आधी आई मला कपडे घ्यायला मॉलमध्ये घेऊन गेली. तिथल्या ट्रायल रूममध्ये तीन बाजूंनी आरसे होते. निळा टॉप अंगात घालून मी वळले आणि मला एका मुलीची पाठ दिसली. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा वर होता, उजव्या बाजूची पाठ फुगून बाहेर आली होती आणि टॉपची खालची कड एकीकडे चढून दुसरीकडे लोंबत होती. बिचारी, असं माझ्या मनात आलं. मग मी मान खाजवली, तर तिनंही खाजवली.

“आई, माझा खांदा असा काय आहे गं?” मी दाराआडून विचारलं. बाहेरून उत्तर आलं, “दप्तर एकाच खांद्यावर घेतेस ना, म्हणून. काढ तो टॉप, दुसरं बघू.” दुसरं म्हणजे दोन साइज मोठं काहीतरी आणि त्यावर घालायला एक राखाडी जाकीट, डोक्यावर टोपी असलेलं. टेक्सासच्या ऑगस्टमध्ये, डांबर मऊ पडतं अशा उन्हात, मी ते जाकीट घालून शाळेत जायला लागले. वर्गातल्या मुली विचारायच्या, तुला गरम होत नाही का? मी म्हणायची, आमच्या नागपुरात याहून जास्त ऊन असतं. हे खरंही होतं, पण नागपुरात मी जाकीट घालत नव्हते.

नागपुरात मला जाकीट लागत नव्हतं, कारण तिथे मधुकरकाका होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं शिवणाचं दुकान. माझा पहिला फ्रॉक, शाळेचे युनिफॉर्म, पंजाबी ड्रेस, सगळं त्यांच्या हातचं. ते माप घ्यायचे आणि नंतर आई टेबलावर वाकून त्यांच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलायची. मला वाटायचं, कापड पुरेल की नाही याची चर्चा चाललीय. शिवून आलेला कपडा माझ्या अंगावर असा बसायचा की माझ्यात काही वाकडं आहे हे मला कधी कळलंच नाही. प्लेनोत एका डॉक्टरनं मला पुढे वाकायला सांगितलं, एक्स-रे काढले आणि पाठीच्या कण्याला बाक आहे, आता तो वाढायचा थांबलाय, काही करायची गरज नाही, असं बाबांना समजावून सांगितलं. गाडीत बसल्या बसल्या आई म्हणाली, “काही करायची गरज नाही म्हणाले ना? मग कुणाला सांगायचीही गरज नाही.” तो विषय तिनं सीटबेल्ट लावता लावता संपवून टाकला.

आमचं अपार्टमेंट खालच्या मजल्यावर होतं. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसायची आणि पलीकडच्या हायवेचा आवाज दिवसभर यायचा, एकसारखा, कुणीतरी न थांबता तांदूळ पाखडत असल्यासारखा. बाबा सकाळी जायचे ते दिवेलागणीला परत. आई डिपेंडंट व्हिसावर, नोकरी करायला बंदी. नागपुरात ती शाळेत गणित शिकवायची, इथे तिच्या वाट्याला मी आणि स्वयंपाकघर एवढंच आलं. पण रड म्हणून तिनं कधी केली नाही. मेक्सिकन दुकानात सांबाराच्या जुड्या मिळतात हे कळल्यावर तर ती उजळलीच. आम्ही नागपूरकर कोथिंबिरीला सांबार म्हणतो. दर रविवारी ती पुडाची वडी करायची. बेसनाची पारी लाटायची, आतून चिंच-गुळाचं पाणी लावायचं, खसखस-खोबरं घातलेलं सांबाराचं सारण भरायचं आणि कडा अशा दाबून मिटवायच्या की तळताना एक कण बाहेर येऊ नये. तळणाच्या धुरानं छतावरचा अलार्म कोकलायचा आणि बाबा स्टुलावर चढून त्याला वर्तमानपत्रानं वारा घालायचे. या सगळ्यात आईची ओढणी मात्र दोन्ही खांद्यांवर पसरलेली आणि पिना लावलेली असायची. गॅससमोर ओढणी काढ गं, असं बाबा म्हणायचे, ती ऐकायची नाही. साडी नेसली तर पदर मागून उजव्या खांद्यावरून पुढे ओढून घ्यायची. तिच्या सासरी या सवयीचं फार कौतुक होतं. आजी आल्यागेल्याला सांगायची, आमची सून बघा, पदर कधी ढळत नाही.

आईच्या सूटकेसमध्ये एका नायलॉनच्या पिशवीत तिचा मापाचा ब्लाऊज होता. वांगी रंगाचा, काखेत विटलेला. आमच्याकडे कितीतरी बायका शिंप्याला अंगाचं माप देत नाहीत. नीट बसलेला एक जुना ब्लाऊज देतात आणि ‘यावरून शिवा’ म्हणतात. आईनं तर तो ब्लाऊज सोन्यासारखा जपला होता. कुणी भारतात जाणारं असलं की नव्या साड्यांच्या कापडांबरोबर तो जायचा आणि शिवलेल्या ब्लाऊजांबरोबर परत यायचा. मधुकरकाकांनी दुकान बंद केलं आणि ते मुलाकडे राहायला गेले, ही बातमी आत्यानं फोनवर सांगितली तेव्हा आई तिच्याच घरचं कुणी गेल्यासारखी खुर्चीत बसून राहिली. मला हसू आलं होतं. एका शिंप्यासाठी एवढं काय, असं मला वाटलं.

शिवणाकडे मला ओढलं ते वैदेहीताईनं, आणि तिलाही ते येत नव्हतं. ती आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. डोंबिवलीची, इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर, लग्न होऊन आलेली, आईसारखीच डिपेंडंट व्हिसावर अडकलेली. पहिल्याच भेटीत तिनं मला बजावलं, “मला ताई म्हण. काकू म्हणालीस तर दार उघडणार नाही.” तिच्या हॉलमध्ये सोफ्यामागे एक मोठं खोकं होतं. “शिवणाचं मशीन आहे. सेल होता यार, घेऊन टाकलं. वाटलं पडदे शिवू. मग वाटलं, पडदे आहेत की.” मी म्हटलं, उघडूया? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू हे तिला सुचलंच नव्हतं.

त्या मशीनशी आम्ही दोघींनी किती झटापट केली ते आता आठवून हसू येतं, तेव्हा हसू येत नव्हतं. बरोबर आलेल्या पुस्तकात दोऱ्याची वाट बाणांनी दाखवलेली होती, तरी प्रत्येक वेळी दोरा कुठेतरी चुकायचा आणि कापडाखाली गुंत्याचा गोळा तयार व्हायचा. वैदेहीताई म्हणायची, “सर्किट डिझाइन केलंय मी, सर्किट! आणि हा एक दोरा ऐकत नाही.” सरावासाठी कापड हवं म्हणून आम्ही ओटीत आलेले ब्लाऊज पीस काढले. ते कापड कुणी शिवत नाही. हळदीकुंकवात एकीनं दुसरीला द्यायचं, दुसरीनं तिसरीला, असं ते वर्षानुवर्षं फिरत राहतं. त्यातला एक हिरवा पीस माझ्या आईनंच गेल्या संक्रांतीला दिलेला होता आणि आईला तो कुणी दिला होता हेही मला ठाऊक होतं. त्याच्यावर मी सरळ रेघा मारायला शिकले. आधी वाकड्या, मग जरा कमी वाकड्या, आणि मग एक दिवस या टोकापासून त्या टोकापर्यंत टीप सरळ गेली. मी ओरडले. खालच्या मजल्यावरून आईनं झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं.

परकर जमला. परकरात काय, चार शिवणी आणि नाडी. मग आम्ही दुकानातून कागदाचा पॅटर्न आणला. पातळ कागदावर टॉपचे भाग छापलेले असतात, ते कापडावर ठेवून कापायचं. मजा अशी की पाठ अर्धीच छापलेली असते. कापडाची दुहेरी घडी करायची, कागदाची सरळ कड घडीवर ठेवायची आणि कापायचं, उलगडलं की पूर्ण पाठ तयार. पांढऱ्या सुती कापडाचा तो टॉप मी आठवडाभर शिवला, उसवला, पुन्हा शिवला. घालून उभी राहिले. वैदेहीताई तोंडात टाचण्या धरून माझ्याभोवती फिरली, खालची कड ओढली, पुन्हा ओढली आणि म्हणाली, “अगं, नीट उभी राहा ना.”

“मी नीटच उभी आहे,” मी म्हटलं.

तिनं टाचण्या तोंडातून काढल्या. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. मी वळून पाठ तिच्याकडे केली आणि सगळं सांगून टाकलं, आरसा, डॉक्टर, कुणाला सांगायचं नाही ते. तिनं ऐकून घेतलं. मग टेप उचलली. “मग दोन्ही बाजूंचं वेगवेगळं माप घेऊया. त्यात काय एवढं?” माझ्या पाठीबद्दल कुणी इतक्या साध्या आवाजात बोललं नव्हतं. त्या दिवसापासून माझा उजवा खांदा किती, डावा किती, बगलेपासून कमरेपर्यंत कुठली बाजू किती, हे मला तोंडपाठ झालं. तो पांढरा टॉप मी पूर्ण उसवला. मी हट्टी आहे असं आमच्या घरात सगळे सांगत आलेत, सांगू देत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सुनंदाकाकूंचा फोन आला. आमच्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव त्या उभा करायच्या. या वर्षी मुलींचं लेझीम बसवायचं होतं. नऊवारी साडी, पिवळा ब्लाऊज जिचा तिनं आणायचा, पदर कमरेला खोचलेला. मी नागपुरात शाळेच्या लेझीम पथकात पुढच्या ओळीत होते. फोनवर आई म्हणत होती, “मंजूला निवेदन द्या ना काकू, तिचं मराठी इतकं छान आहे. माइकसमोर उभी राहील एका बाजूला.” मी स्वयंपाकघरात येऊन उभी राहिले.

“मी लेझीम करणार आहे,” तिनं फोन ठेवल्यावर मी म्हटलं.

“पाठ दिसेल.” ‘पाठ’ हा शब्द त्या घरात आईच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा आला.

“दिसू दे.”

“लोक बोलतात, मंजू. एकदा बोलायला लागले की लग्नापर्यंत बोलतात. तुला नाही कळायचं.”

“तुला कसं कळलं मग?”

 आईनं ओढणी उजव्या खांद्यावर सारखी केली. मग म्हणाली, “आणि ब्लाऊज कोण शिवणार? इथे मधुकरकाका नाहीत.”

“मी शिवणार,” मी म्हटलं. मला तोवर धड बाही जोडता येत नव्हती.

ब्लाऊज म्हणजे शिवणातला सगळ्यात अवघड कपडा. टॉप जरा सैल चालतो, ब्लाऊज चालत नाही. आकार देणाऱ्या चिमट्या म्हणजे टक्स, बाही जोडायची गोलाई म्हणजे मुंढा, छातीवरची कटोरी, हुकपट्टी, सगळं अंगालगत. त्याचा कागदी पॅटर्न अमेरिकेच्या कुठल्या दुकानात मिळणार? आकडे माझ्याकडे होते, पण आकड्यांचं कापड कसं करायचं हे दोघींना माहीत नव्हतं. एका शनिवारी आई-बाबा बाजार आणायला गेले आणि मला आईचा मापाचा ब्लाऊज आठवला. मी आईच्याच चणीची. तो समोर ठेवून माझ्या मापानं बदल करता येतील. पिशवी काढून मी वर गेले.

“वरून ट्रेस करायचा हं,” वैदेहीताई म्हणाली. “मापाचा ब्लाऊज उसवत नसतात.”

“वरून टक्स कळत नाहीत. संध्याकाळपर्यंत परत शिवून ठेवीन.”

“शिवता येईल तुला?”

“येईल,” मी म्हटलं आणि पहिला टाका कापला. मधुकरकाकांचे टाके इतके बारीक होते की उसवायला अर्धी सकाळ गेली. जेवणाच्या सुमारास ब्लाऊजचे सगळे भाग सुटे होऊन इस्त्रीखालून निघाले होते. पाठीचा भाग मी घेतला आणि पॅटर्नच्या सवयीनं मधोमध दुमडला. कडा जुळेनात. उलटा करून दुमडला. तरी जुळेनात. एका बाजूला खांदा उंच, मुंढा खोल, बगलेकडे कापड जास्त. दुसऱ्या बाजूला सगळं कमी, आणि त्या खांद्याच्या अस्तरात कापसाची एक पातळ गादी शिवून टाकलेली.

“हा टेलर झोपेत होता का यार?” वैदेहीताई म्हणाली. “अर्धी पाठ एवढी, अर्धी तेवढी.”

 मी तो पाठीचा तुकडा घेऊन तिच्या हॉलमधल्या आरशासमोर गेले, पाठमोरी उभी राहिले, वैदेहीताईला तो माझ्या पाठीवर धरायला सांगितला आणि मान वळवून पाहिलं. तो कुठे ओढत नव्हता, कुठे फुगत नव्हता. मी अमेरिकेत आल्यापासून माझ्या पाठीवर एकही कापड असं सपाट बसलं नव्हतं. उंच बाजू उजवी होती. दोन्ही खांद्यांवर पिना लावलेली ओढणी, उजवीकडून पुढे घेतलेला पदर, टेबलावर वाकून हळू बोलणं, सगळं एकदम माझ्या डोळ्यांपुढे आलं. मर्यादा कसली, कौतुक कसलं! माझी आई एवढी वर्षं आपली पाठ झाकत होती. “वैदेहीताई,” मी म्हटलं, “हा आईला बसावा म्हणूनच असा कापलाय.” आणि मग मला हुंदकाच आला.

तेवढ्यात दारातून आवाज आला, “पोळ्या झाल्यात, किती वेळ? काय करून राहिल्या तुम्ही दोघी?” आई लवकर परतली होती. तिनं टेबलाकडे पाहिलं. वांगी रंगाच्या बाह्या, कटोऱ्या, पट्ट्या, आणि माझ्या पाठीला लावलेला तो तुकडा. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मला अजून दिसतो. मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली नाही. पुढे आली, सगळे तुकडे एकेक करून ओढणीत घेतले, जमिनीवर पडलेली हुकपट्टीसुद्धा. वैदेहीताई अडखळत म्हणाली, “काकू, सॉरी, आम्ही परत...” आईनं तिच्याकडे वळून नेहमीच्याच आवाजात विचारलं, “तू जेवलीस का गं?” आणि उत्तराची वाट न बघता ती जिना उतरून गेली.

त्यानंतर कितीतरी दिवस आई माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. जेव, झोप, केस बांध. डबा रोज व्हायचा आणि त्यात माझ्या आवडीचंच असायचं, त्यामुळे तिच्यावर रागावताही येईना. मी बाबांना गाठलं. ते मला कार चालवायला शिकवायचे, एका रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये. गाडी गोल गोल फिरवत मी विचारलं, “बाबा, आईची पाठ माझ्यासारखी आहे?” बाबांनी हँडब्रेकवर हात ठेवला, बहुधा सवयीनं. “आहे,” ते म्हणाले. “मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच कळलं. पण मला कळलं आहे हे तिला माहीत नाही. तिला आवडणार नाही म्हणून मी कधी बोललो नाही. इंडिकेटर दे.” मी इंडिकेटर दिला. एवढं प्रेम आणि एवढा वेडेपणा एकाच माणसात मी नंतरही क्वचित पाहिला.

पिवळं कापड आणलं होतं. मी ठरवलं की घडी करायचीच नाही. जमिनीवर कापड एकेरी पसरलं आणि पाठीचे दोन्ही अर्धे वेगवेगळे आखले, डाव्याला डाव्याचं माप, उजव्याला उजव्याचं. पहिला ब्लाऊज काखेत इतका दाटला की हात वर होईना, आणि लेझीममध्ये तर हातच वर करायचे असतात. दुसऱ्याची एक बाही उलटी जोडली. वैदेहीताई म्हणाली, “निवेदन पण छान असतं गं.” मी तिच्याकडे असं पाहिलं की ती चहा करायला उठली. तिसरा अंगात चढला. डाव्या खांद्यात गादी घालायची का, असं तिनं विचारलं. मधुकरकाका घालत, माझ्याही कपड्यांत घालत असणार. मी नको म्हटलं. मला खांदे सारखे दिसायला नको होते, मला कपडा नीट बसायला हवा होता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला शिवणानं शिकवलं, आणि पुढे आयुष्यात ते शिवणाबाहेरही फार उपयोगी पडलं.

रविवारी सकाळी आई पुडाच्या वड्या करत होती. मी तो ब्लाऊज आणि परकर घालून स्वयंपाकघरात गेले आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहिले. लाटण्याचा आवाज थांबला. कढईतलं तेल तेवढं ऐकू येत होतं.

“उजवीकडे मुंढ्यात ओढतंय,” आई म्हणाली. “हात वर कर. बघ. थोडं सोड तिथे.”

तिनं बेसनाचं बोट माझ्या बगलेमागे टेकवलं, इथून इथपर्यंत. मग तेच बोट तिथेच राहिलं.

“मला बघायला आले तेव्हा माझ्या आईनं दोन्ही खांद्यांना पदर पिनांनी टाचला होता,” ती मागून बोलली. “सगळे म्हणाले, मुलगी किती मर्यादेची. मग तो पदर तसाच राहिला. आता काढला तर काय सांगू? तुझ्या बाबांना अजून माहीत नाही.”

“बाबांना माहीत आहे, आई.”

“काय?”

“लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. तुला आवडणार नाही म्हणून ते बोलले नाहीत.”

मी वळले. आईचा बेसनाचा हात हवेतच होता. ती आधी बाहेर हॉलकडे पाहत राहिली, तिथे बाबा वर्तमानपत्र वाचत होते, आणि मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूही आलं, आणि कढईतल्या वड्या काळ्या झाल्या. अलार्म कोकलला. बाबा स्टूल घेऊन धावत आले आणि म्हणाले, “काय झालं? दोघी रडताय काय?” आई म्हणाली, “आधी तो अलार्म बंद करा.”

गणेशोत्सवाचा कार्यक्रम एका शाळेच्या जिममध्ये होता. मी मधल्या ओळीत होते, पुढच्या नाही, सुनंदाकाकूंनी उंचीप्रमाणे उभं केलं होतं आणि त्यांचं बरोबर होतं. पदर खोचला, जाकीट गाडीत ठेवलं. ढोलकीचा पहिला ठेका पडला आणि वळताना प्रेक्षकांकडे माझी पाठ झाली.  हात वर गेले तेव्हा मुंढ्यात ओढलं नाही, आणि मग मला ढोलकीशिवाय काही ऐकू येईना. नंतर जेवणाच्या रांगेत एक काकू आईला म्हणाल्या, “मंजूचा खांदा जरा...” आई म्हणाली, “हो, कण्याला बाक आहे तिच्या. ब्लाऊज तिनं स्वतः शिवलाय, बघितलात का?” आणि त्यांच्या ताटात मसालेभात वाढला. आईचा स्वतःचा पदर मात्र दोन्ही खांद्यांवर होता, पिनांसकट.

तो पिवळा ब्लाऊज अजून माझ्याकडे आहे. बगलेमागे बेसनाचा डाग आहे, धुऊनही गेला नाही, आणि मी तो घालवायचा फार प्रयत्नही केला नाही. त्यानंतर मी कितीतरी कपडे शिवले, हल्ली सुईत दोरा ओवायला चष्मा शोधावा लागतो, तरी माझा कपडा मीच शिवते आणि घडीवर कापत नाही.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आई वैदेहीताईकडे आली. मी मशीनचं तोंड पुसत होते. आईच्या हातात ती नायलॉनची पिशवी होती. मला वाटलं, तुकडे जोडून द्यायला सांगेल, आणि मी ते करणारच होते. पण पिशवीतून तिनं एक नवं कापड काढलं, साडीबरोबर आलेलं, गडद निळं. वांगी रंगाचे तुकडे तिनं आणलेच नव्हते.

“यावरून शिवा म्हणायला आता काही राहिलं नाही,” ती म्हणाली. मग वैदेहीताई तिथे असतानाच तिनं ओढणीच्या दोन्ही पिना काढल्या, ओढणी खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. “माझंच माप घे.”

मी टेप उचलली आणि आधी उजवा खांदा घेतला.